शंभरीचं विद्यापीठ आणि आर्वीकडचे तुंबलेले खड्डे

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एरवी सकाळी फुलांचे फोटो आणि रात्री राजकारणावरून भांडणं, एवढंच चालतं. पण नागपूर विद्यापीठाला शंभर वर्षं होतायत म्हटल्यावर सगळ्यांना एकदम भरून आलं. ४ ऑगस्ट १९२३ ही स्थापनेची तारीख, म्हणजे २०२२-२३ हे शताब्दी वर्ष. जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०८ वं अधिवेशन विद्यापीठात झालं, त्याचे फोटो फिरले आणि लगोलग टूम निघाली की आपणही भेटायचं. मार्च ठरला. होळी आटोपलेली असते आणि विदर्भातलं ऊन अजून माणसात असतं.

माझा डोळा दुसरीकडेच होता. आमच्यातली एक मैत्रीण आता वर्ध्याकडच्या एका कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी आहे. तिच्या पोरापोरींचं विशेष शिबिर त्याच आठवड्यात आर्वी तालुक्यातल्या एका गावात होतं, शताब्दी वर्षानिमित्त. "पाहुणी म्हणून भाषण ठोकायला येणार असशील तर नको येऊस," ती फोनवर म्हणाली. "घमेलं उचलणार असशील तर ये." मी गेले. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये. तिथल्या लोकांनीच "आमच्या नालीचं नाव कशाले पेपरात" असं हसत सांगितलं होतं.

सोमवार, १३ मार्च: नागपूर

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं सकाळी नागपूर. प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. शहर मात्र लग्नघर झालं होतं. २० तारखेपासून जी-२० मधल्या सी-२० म्हणजे नागरी संस्थांच्या गटाची परिषद भरणार होती, म्हणून वर्धा रोडच्या भिंतींवर चित्रं, दुभाजकांवर कुंड्या, झाडांना दिव्यांच्या माळा. ऑटोवाला भाऊ आरशातून बघत म्हणाला, "पावने येऊन रायले ना मॅडम. ते गेले का कुंड्या बी जातीन."

नागपुरात सकाळी उतरलात तर हॉटेलचा नाश्ता घेऊ नका, कोपऱ्यावरचा तर्रीपोहा घ्या. पोह्यावर हरभऱ्याचा लालजर्द रस्सा, वरून कांदा आणि शेव. तिखटाची सवय नसेल तर "तर्री वेगळी द्या" म्हणायचं. तुमच्याकडे किंचित दयेनं बघतात, पण देतात.

मेळाव्याबद्दल फार लिहीत नाही. फेटे, सेल्फी, "अगं तू अजून तश्शीच", आणि साडेतीन वाजता संपलेलं एक वाजताचं जेवण. ऐकण्यासारखं बोलले ते निवृत्त झालेले इतिहासाचे सर. १९२३ साली सहा कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थी एवढ्यावर विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी पस्तीस लाखांच्या आसपास इस्टेट मृत्युपत्रानं विद्यापीठाला दिली, त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. पुढे १९८३ मध्ये अमरावती वेगळं झालं, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ निघालं, आणि आता नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे उरलेत. २००५ साली विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं.

सर शेवटी एवढंच म्हणाले, की खंजिरी वाजवत गावोगाव फिरलेल्या माणसाचं नाव आपण घेतलंय, तर गावात जात जा अधूनमधून. टाळ्या पडल्या आणि लोक रसमलाईकडे वळले. तेवढ्यात कुणीतरी मला "उद्या अंबाझरी तलावावर येतेस का?" विचारलं. मी आर्वीला चाललेय म्हटल्यावर "आर्वीला काय आहे?" आमच्या बॅचमधले निम्मे लोक आर्वी, हिंगणघाट, काटोल, तुमसर अशा ठिकाणांहूनच आलेले. पण तो वाद जेवणानंतर घालण्यासारखा नव्हता.

मंगळवार, १४ मार्च: सेवाग्रामवरून आर्वीकडे

नागपूरहून पॅसेंजरनं वर्धा. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: सेवाग्राम नावाचं स्टेशन म्हणजे आश्रमाचं दार नव्हे. गाडी सेवाग्रामला थांबो की वर्धा जंक्शनला, पुढे ऑटो करावीच लागते. वर्धा शहरापासून आश्रम आठेक किलोमीटर.

त्या दिवशी जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. वर्ध्यात शिरताना "एकच मिशन, जुनी पेन्शन" घोषणा कानावर आल्या. आपल्याला काय त्याचं, असं म्हणून मी पुढे गेले. हा संप पुढे गावात आम्हाला दोनदा भेटणार होता.

सेवाग्राम सकाळी लवकर पाहावं, दहानंतर शाळांच्या सहली येतात. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं, १९४० मध्ये सेवाग्राम झालं. बापूकुटीची मातीची भिंत, कवेलूचं छप्पर, जमिनीवरची चटई हे सगळं फोटोत पाहिलेलं असतं. मला जास्त आठवत होती ती त्याआधीची गोष्ट. वर्ध्यात मगनवाडीला असताना, १९३५ च्या सुमारास, गांधीजी आणि मीराबेन वगैरे मंडळी जवळच्या सिंदी गावात रोज सकाळी मैला उचलायला जात. गावकरी बघत उभे राहत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच घाण. पुन्हा जायचं, पुन्हा उचलायचं. गांधीजींना जे जमवायला जड गेलं ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे रासेयोच्या पोरांनी सात दिवसांत करावं, अशी आपली अपेक्षा असते.

वर्ध्यातून निघताना गोरस भांडारातला गोरसपाक घ्या. शिबिरात न्यायचा तर दुप्पट घ्या.

दुपारच्या एसटीनं आर्वी. मार्चमध्ये हा रस्ता खिडकीशी बसून करावा. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, काळी रानं उघडी पडलेली आणि बांधाबांधावर पळस पेटलेला. पानं एकही नाही, नुसता शेंदरी रंग. आर्वीहून पुढे कारंजाच्या अंगानं ऑटोत दहा माणसं, दोन गव्हाच्या गोण्या आणि मी.

गाव टेकडीच्या पायथ्याशी, दीडेकशे उंबऱ्यांचं. मुलींची सोय समाजमंदिरात, मुलांची ग्रामपंचायतीच्या सभागृहात. दारावर फ्लेक्स: विद्यापीठ शताब्दी वर्ष, त्याखाली "युवकांचा ध्यास, ग्राम-शहर विकास", त्याखाली एकूण अकरा मान्यवरांचे फोटो. समाजमंदिरात पंख्याखालच्या जागा आधीच गेल्या होत्या, म्हणून मैत्रिणीनं मला शेजारच्या एका काकूंकडे टाकलं.

त्या घरात कापूस राहत होता आणि माणसं त्याच्या कडेकडेनं. पुढची खोली छतापर्यंत भरलेली. गेल्या हंगामात भाव दहा हजारांच्या वर गेला होता. यंदा आठ हजारांच्या आसपास घुटमळत होता, म्हणून विकला नाही, उद्या वाढेल, परवा वाढेल. काकूंच्या सुनेच्या हातांवर पुरळ उठलेलं. "कापसातल्या किड्यानं खाज सुटते," ती म्हणाली, "पण विकून टाका म्हटलं तर ह्यायले राग येते." काकूंनी माझी गादी गंजीपासून दूर, चुलीजवळच्या खोलीत घातली.

रात्री देवळासमोर सामुदायिक प्रार्थना झाली. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची माणसं गावात आहेत. एक सत्तरीचे आजोबा खंजिरी वाजवत होते, आणि आमच्या मेळाव्यातल्या साउंड सिस्टीमपेक्षा त्यांचा आवाज लांब जात होता.

बुधवार, १५ मार्च: आजींचा प्रश्न

पहाटे साडेपाचला शिट्टी. प्रार्थना, व्यायाम, रासेयोच्या त्या लयीतल्या टाळ्या, पोहे, आणि साडेसहाला हातात फावडी. श्रमदानाचा खरा वेळ साडेसहा ते दहा, त्यानंतर उन्हात नुसती नाटकं होतात. कुणी अशा शिबिराला जाणार असाल तर सुती दुपट्टा, जुने बूट, हातमोजे, मीठ-साखरेची पुडी आणि स्वतःची पाण्याची बाटली एवढं असू द्या. सनस्क्रीनवाल्या मुली तिसऱ्या दिवशी दुपट्ट्यावर आल्या होत्या.

कामाची दोन ठिकाणं होती. अर्धी तुकडी टेकडीवर सलग समतल चर, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारे एका पातळीतले लांब चर, खणत होती. तिला शिकवायला गावातलाच एक तिशीचा तरुण होता. याच आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्यानं २०१७ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळवला, त्या वर्षी ह्यानंही प्रशिक्षण घेतलेलं. हायड्रोमार्कर म्हणजे दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाण्याची रेघ सारख्या आकड्यावर आली की दोन्ही जागा एका पातळीत. तिथे फक्कीची खूण, पुढे सरका. बीएस्सीची एक मुलगी नळीतला बुडबुडा काढायला बोटानं टिचक्या मारत होती. तो तरुण तिला म्हणाला, "बुडबुडा राहू दिला तर पाऊस आल्यावर पानी चराच्या एका बाजूनं पळते. मंग तो चर नाई, नाली झाली."

दुसरी तुकडी गावात सांडपाणी जमिनीत जिरवणारे नवीन शोषखड्डे घेणार होती. चुन्यानं आखणी झालेली, नारळ आणलेला, फ्लेक्सही तिथे नेऊन टेकवलेला. तेवढ्यात हातपंपाजवळ बसलेल्या एका आजींनी विचारलं, "बाई, नवे कायले करता? जुने भरले ना."

मैत्रीण थांबली. आजी उठल्या, पदर खोचला आणि आम्हाला घेऊन गल्लीत निघाल्या. इथे एक, तिथे एक, मारुतीच्या मागं एक. आधीच्या शिबिरांमधले. वर झाकण म्हणून टाकलेली फरशी, फरशीवर कॉलेजचं नाव रंगवलेलं, आणि फरशीच्या कडेनं काळं पाणी उमळून रस्त्यावर. "तुमी दरसाली येता. खड्डे खंदता, फोटू काढता, जाता. खड्डा भरला का मच्छर आमाले चावते. तो कोन उपसन?"

पोरांनी मैत्रिणीकडे पाहिलं. माझ्या मते हीच त्या शिबिराची खरी घडी होती. ती म्हणू शकली असती की आजी, तेही बघू, आधी नारळ फोडू. तिनं नारळ पिशवीत टाकला आणि फरशी उचलायला सांगितली.

तुंबलेला शोषखड्डा आतून कसा दिसतो हे फार कमी जणांनी पाहिलं असेल. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, तितकाच खोल. तळाला मोठे गोटे, वर लहान दगड, त्यावर गिट्टी, वर रेती, आणि सांडपाणी ज्यातून आत जातं ते बुडाला भोकं पाडलेलं मडकं. मडक्यात नारळाच्या शेंड्या भरायच्या, म्हणजे खरकटं आणि साबणाचा मेण तिथेच अडतो. त्या शेंड्या दर काही आठवड्यांनी काढून धुवायच्या असतात, नाहीतर बदलायच्या असतात. हे कुणी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. पहिल्या खड्ड्यात शेंड्यांची राखाडी, चिकट ढेप झालेली. खाली रेती नव्हतीच, काळा चिखल होता. दगडांवर साबणाचा पांढरट थर बोटाच्या नखाइतका जाड. त्यात शाम्पूच्या पुड्या, दात घासायचा ब्रश, लहान मुलाची एक चप्पल. वास असा की दोन मुलगे थेट बांधापर्यंत जाऊन आले.

दगड बाहेर काढून टबात घासायचे, उन्हात टाकायचे, खड्डा कडेनं खरवडून मोकळा करायचा, मग पुन्हा रचायचे. नवा खड्डा घेण्यापेक्षा हे काम हळू आणि घाण आहे. दुपारपर्यंत दोनच झाले. पण तिसऱ्या खड्ड्यापाशी एक गंमत झाली. तोवर ओट्यांवर बसून बघणाऱ्या बायका खाली उतरल्या. पहिल्यांदा सूचना आल्या, मग घासणी आली, मग एक वहिनी स्वतः टबाशी बसली. नवीन खड्ड्याच्या वेळी असं होत नाही म्हणे. तो शिबिराचा असतो. तुंबलेला मात्र त्यांच्या दारातला होता.

दुपारी जेवायला ज्वारीची भाकर, पातोडीचा रस्सा, मिरचीचा ठेचा. ठेचा खाऊन पुण्याची मी जी गप्प झाले, ते पाहून स्वयंपाकाच्या मावशींनी न विचारता ताकाचा पेला पुढे केला.

गुरुवार, १६ मार्च: बिनमास्तरांची शाळा आणि गारा

संप गावात पोचला तो असा. जिल्हा परिषदेची शाळा बंद, गुरुजी आर्वीला मोर्चात, आणि गावातली सगळी चिल्लीपिल्ली आमच्या कामाच्या जागी. कुणी घमेल्यात बसतंय, कुणी चुन्याची फक्की उडवतंय. मैत्रिणीनं चार जणांना फावड्यावरून काढलं आणि लिंबाखाली शाळा भरवली. बीएच्या एका मुलानं गणित शिकवायला घेतलं आणि पंधरा मिनिटांत पोरांनीच त्याला शिकवलं की टेकडीवरच्या चरांची लांबी पावलांनी कशी मोजायची. पोट्टे हुशार होते. मुलगा थोडा खजील होता.

दुपारपासून हवा जड झाली. टेकडीमागे ढग निळे-काळे, मग त्यांच्या पोटाला हिरवट छटा. काकू अंगणातली वाळवणं गोळा करता करता म्हणाल्या, "हे पाऊस देनारं नाई, मारनारं हाय." चारच्या पुढे वारं सुटलं आणि कुणीतरी शिवारातून ओरडत आलं. हरभरा खळ्यात पडलाय, गहू कापून पेंढ्या लावलेल्या आहेत, माणसं कमी आहेत.

त्या दिवशी चारला बौद्धिक सत्र होतं, विषय "ग्रामविकासात युवकांची भूमिका". वक्ते आर्वीहून निघाले होते. सभागृह रिकामं झालं ते क्षणात. सगळी पोरं खळ्यांकडे पळाली, कुणी ताडपत्री धरली, कुणी हरभऱ्याचा ढीग फावड्यानं आत ओढला. आम्ही दोघी एका शेतकरी दादांबरोबर ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर दगड ठेवत होतो तेव्हा पहिली गार माझ्या मनगटावर आदळली. बोराएवढी. मग पाच-सात मिनिटं दुसरा आवाज नव्हता. ताडपत्रीखाली एका बाजूला हरभरा आणि दुसऱ्या बाजूला आम्ही पाच माणसं, आणि दादा एकेका वाऱ्याबरोबर नुसतं "गेलं... गेलं..." म्हणत होते. ढीग वाचला. पलीकडचा उभा गहू झोपला. संत्र्याच्या बागेत आंबिया बहराची वाटाण्याएवढी फळं खाली सडा घातल्यासारखी पडलेली, हिरवीगार. एक आजोबा ती मुठीत घेऊन बघत होते. त्यांच्याशी काय बोलावं हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

वक्ते संध्याकाळी सहाला पोचले, चहा घेतला, रिकाम्या सभागृहाकडे बघितलं आणि मुलांबरोबर ओल्या पेंढ्या उलट्या करायला आले. भाषण झालं नाही, आणि ते कुणाला आठवलंही नाही.

मार्चमध्ये इकडे येणार असाल तर "उन्हाळा लागला" म्हणून रेनकोट घरी ठेवू नका. वीज रात्रभर नव्हती. टॉर्च लागतोच. मोबाईलची रेंज एरवीही टेकडीवरच मिळते.

शुक्रवार, १७ मार्च: पंचनामे आणि अर्धं तिकीट

सकाळी लोक पंचनाम्याचं विचारू लागले आणि संप दुसऱ्यांदा भेटला. तलाठी संपावर, कृषी सहायक संपावर. पंचनामा करणार कोण? ज्यांनी पीक विमा काढला होता त्यांना तेव्हा ७२ तासांच्या आत नुकसानीची सूचना द्यावी लागायची, ॲपवरून किंवा टोल फ्री नंबरवर. आणि रेंज टेकडीवर.

श्रमदानाच्या फळ्यावरचं त्या दिवसाचं काम पुसलं गेलं. जोड्या केल्या. एक जोडी शेतात जाऊन फोटो काढायची, गट नंबर, पीक, तारीख वहीत उतरवायची. दुसरी जोडी विम्याची पावती आणि बँकेचं पासबुक असलेल्या माणसाला घेऊन टेकडीवर. तिथे चरांच्या कडेला बसून ॲप उघडायचं, ते अडकलं की फोन लावायचा, आणि "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकत बसायचं. पोरांना हे काम फावड्यापेक्षा जड गेलं. एका मुलीनं एका काकाजींची सूचना तिसऱ्या प्रयत्नात नोंदवली, नंबर वहीत लिहिला, आणि तो त्यांना पाठ करून म्हणायला लावला. ज्यांचा विमा नव्हता त्यांचे फोटो आणि यादी सरपंचांकडे दिली, संप मिटल्यावर तलाठ्यासमोर ठेवायला. (संप २० तारखेला मिटला.) तुमच्या गावाकडे कुणी असेल तर एवढं नक्की सांगा: आधी फोटो काढा, मग शेत आवरा. इथे तीन जणांनी उलटं केलं होतं आणि दाखवायला काही उरलं नव्हतं.

त्याच दिवसापासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. सकाळची गाडी आर्वीला जाऊन आली ती बातमी घेऊनच. मग हातपंपावर दुसरा विषय नाही. कालच्या गारांनी घरोघरी सुतकी तोंडं होती, आणि तरीही बायका हिशोब करत होत्या: आर्वीचं अर्धं, वर्ध्याचं अर्धं, माहेरचं अर्धं. काकूंची सून म्हणाली, "आता खाज दाखवाले डॉक्टरकडं तरी जाता येईन." सासूबाईंनी मान हलवली, म्हणजे परवानगी असावी.

संध्याकाळी गावानं रोडग्याचं जेवण दिलं. खरं तर आम्ही नको म्हणत होतो, अशा दिवशी. पण दादा ऐकेनात. त्यांचा हरभरा वाचला होता. कणकेचे गोळे शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात तूप, सोबत पातेलंभर वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. गोवऱ्या रात्रीच्या पावसानं दमट, त्यामुळे धूर एवढा की अर्ध्या गावानं डोळे पुसत जेवण केलं. रोडगा खाल्लात तर पाणी जपून प्या, पोटात फुगतो. मला हे नंतर सांगितलं.

शनिवार, १८ मार्च: समारोप

सकाळी उरलेले खड्डे. मडक्यांच्या शेंड्या आता बचत गटाच्या ताईंनी वाटून घेतल्या, कुठल्या गल्लीचं मडकं कुणी धुवायचं ते. त्यासाठी एक जुनी वही काढली. फरशीवर पुन्हा कॉलेजचं नाव रंगवायला एक मुलगा डबा घेऊन आला, तर ताई म्हणाल्या, "राहू दे रे. आता ते आमचे हायत." त्यानं उरलेला रंग शाळेच्या फळ्याच्या चौकटीला लावला.

समारोपाला पाहुणे आले, सत्कार झाले, शताब्दीचा उल्लेख सगळ्यांनी केला. सरपंचांनी नवीन किती शोषखड्डे झाले ते विचारलं. एकही नाही म्हटल्यावर टाळ्या वाजवणारे हात मध्येच थांबले. मैत्रीण अहवालाचा कागद माझ्याकडे सरकवत हळूच म्हणाली, "यात 'नवीन कामे' असा रकाना आहे, दुरुस्तीचा नाहीच. काय लिहू गं?" मी म्हटलं, चर लिही. चर नवे होते. तिनं चरांची लांबी लिहिली, आणि खाली जागा सोडून बारीक अक्षरात शोषखड्ड्यांची साफसफाई, पोरांची शाळा, ७२ तासांच्या सूचना, सगळं कोंबलं. कागदाच्या मागच्या बाजूवर गेलं.

दुपारच्या गाडीनं मी निघाले. परतताना आर्वीवरून पुलगावला या, तिथून मुंबईकडच्या गाड्या मिळतात आणि वर्ध्याचा फेरा वाचतो. आर्वी-पुलगाव छोटी रेल्वे बंद पडली, आता एसटीच. अर्ध्या तिकिटाच्या दुसऱ्याच दिवशी त्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टर दारातून ओरडत होता, "मागं सरका माय, मागं सरका, सगळ्यायलेच माहेरी जायचं हाय." काकूंची सून पुढच्या सीटवर, मांडीवर डॉक्टरचा कागद. मी उभीच होते. तिनं माझी पिशवी ओढून घेतली, आत डोकावली, आणि गोरसपाकाचा शेवटचा पुडा पुलगाव येईपर्यंत शेजारच्या तीन सीटांवर फिरला.